हे मी वाचलंय का?

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दुपारी परत एकदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं दोन ओळीत उत्तर होईल. तसं काही झालं नाही. लांबलंय, चहा घेऊनच बसा.

आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का बघतो. तुम्ही बँकेत आहात, राहायला जुळे सोलापूरला, गेल्या वर्षी ५२ पुस्तकांचं टार्गेट घेतलं आणि ३१ वर गाडी थांबली. यादी एक्सेलमध्ये आहे, नाव, लेखक, तारीख, पाचपैकी स्टार. डिसेंबरात उघडून बघितली तर त्यातल्या ९ पुस्तकांबद्दल काहीच आठवेना, एक तर आपण वाचलंय यावरच तुमचा विश्वास बसेना. त्याआधी डायरी करून झाली, अ‍ॅप करून झालं. आणि मैत्रिणींचा वाचन ग्रुप आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमता, तिथं तुमची पाळी आली की 'छान आहे, वाचाच' याच्या पुढं तोंडातून काही निघत नाही, बाकीच्या बोलत राहतात आणि तुम्ही हिरमुसून घरी येता. तर यादीत कॉलम कोणते करू, असं विचारलंय.

कॉलमचं पुढं सांगतो. पण मला दिसतंय ते असं की तुम्ही यादीला शाळेच्या हजेरीपटाचं काम लावलंय. कोण आलं, कोण नाही एवढं त्यातून कळतं. वर्गात काय झालं ते हजेरीपटात कसं सापडणार? आणि ग्रुपमध्ये बोलता येत नाही ही काही दुसरी अडचण समजू नका, घरी लिहिताना 'चार स्टार' लिहायची सवय लागली की तोंडातून पण चार स्टारच निघतात.

मी कोण सांगणारा, तर २९ वर्षं सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काढली. पहिली ११ देवघेवीच्या काउंटरवर, नंतर ग्रंथपाल, आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं काही लोकांच्या गमती येणार आहेत.

काउंटरवर रोज एक प्रश्न ठरलेला, 'ओ सर, हे मी नेल्तं का आधी?' तेव्हा कंप्युटर नव्हता. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीख चिठ्ठी चिकटवलेली असायची, तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का आणि शेजारी सभासद क्रमांक, लोक तिथंच उभं राहून बोट खाली खाली नेत आपला नंबर शोधायचे आणि मागं रांग तुंबायची. चिठ्ठी भरली की आम्ही नवीन डकवायचो, आणि जुन्या चिठ्ठीबरोबर पुरावा पण जायचा. म्हणून पक्क्या वाचकांनी आपापली सोय करून ठेवली होती. एक बाई पहिल्या प्रकरणाच्या वर कोपऱ्यात बारीक 'श्री' काढायच्या. एक मास्तर होते ते शेवटच्या ओळीच्या पूर्णविरामाला गोल करायचे, म्हणजे पुस्तक खरंच शेवटपर्यंत वाचल्याची सही. आणि एक आजोबा होते, मिल बंद पडल्यावर वाचायला लागलेले, ते ५१ नंबरच्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीनं एक रेघ मारायचे. ५१ का विचारलं तर म्हणाले, मिलमधला माझा बिल्ला नंबर ५१ नं संपत होता. एका ऐतिहासिक कादंबरीची आमच्याकडची प्रत मी एकदा सावकाश चाळली तर तिच्यात अकरा वेगवेगळ्या खुणा निघाल्या, अकरा माणसं एकाच पुस्तकात आपापली हजेरी लावून गेलेली.

'पुस्तकावर खुणा करू नयेत' हा बोर्ड भिंतीवर माझ्याच अक्षरात होता हे वेगळं सांगायला नको.

पुढं ग्रंथपाल झाल्यावर जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन करायची वेळ आली, म्हणजे दाखल नोंदवहीतून कमी करून पुस्तक बाद करायचं. आजोबा जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पण प्रत्येक पुस्तक बाजूला टाकायच्या आधी मी ५१ पान उघडून बघायला लागलो, का ते मलाही सांगता येणार नाही. रेघ असलेली पुस्तकं निघाली तीनशेच्या वर. इतकी वाचलेला माणूस, बारा वर्षं माझ्या समोर उभा राहिलेला, आणि मला त्याच्या वाचनाबद्दल माहिती काय, तर बिल्ला नंबर. कुठलं पुस्तक दोनदा वाचलं, कुठल्याला शिव्या दिल्या, काहीसुद्धा नाही. तुमचं एक्सेल वाचताना मला ती रेघ आठवली, म्हणून एवढं लिहिलं.

आता हे कुणाला लागू आणि कुणाला नाही ते आधीच सांगतो. एमपीएससीच्या अभ्यासाचं वाचन असेल तर तिथं रीतसर नोट्स काढाव्या लागतात, माझी पद्धत तिथं कामाची नाही. झोप यावी म्हणून रात्री रहस्यकथा वाचणाऱ्यानं काही लिहू नये, खुशाल विसरावं, तेच पुस्तक परत मजेत वाचता येतं. आणि वर्षाला साठ-सत्तर वाचणाऱ्यानं पण प्रत्येकाची नोंद करायच्या भानगडीत पडू नये, मार्चअखेर वही बंद पडणार, आणि मार्चअखेर काय असतं ते बँकवाल्यांना मी काय सांगायचं. तुमची ३१ म्हणजे महिन्याला साधारण अडीच. या वेगाला झेपतं. कानानं ऐकत असाल, म्हणजे स्कूटीवर जाता-येता ऑडिओ, तर थोडा फरक करावा लागेल, पानाच्या आकड्याऐवजी आपण रस्त्यात कुठं होतो ते लिहा, सात रस्त्याच्या सिग्नलला अमुक प्रसंग आला असं. हसू नका, माझ्या पुतणीला आता तसंच आठवतं.

आणि ९ विसरली याचं फार मनाला लावून घेऊ नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली विसरण्यावर पुस्तक काढलं, प्रयोग सगळे स्वतःवर, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती उरतात ते मोजत बसायचं. बरंचसं पहिल्या दिवसातच गळून जातं आणि मग गळती मंदावते असं त्याला दिसलं. त्याची अक्षरं बिनअर्थाची होती, कादंबरीचं तसं नसतं, पण वाचून संपवलं, मिटलं आणि लगेच दुसरं उघडलं तर पहिल्याची अवस्था बिनअर्थाच्या अक्षरांसारखीच होते, हे मी माझ्यावरूनच सांगतो. टार्गेटचा तोटा तोच आहे. ३१ वं संपायच्या आधीच डोळा ३२ व्यावर.

माझी स्वतःची यादी चारदा बंद पडली. वाचनालयात फुकट मिळालेल्या डायऱ्या, एकदा चांगली कापडी बांधणीची वही, एकदा तर कॅटलॉगच्या कार्डांवर सुरू केलं होतं, धंद्याची खोड. टिकली ती भलतीकडंच. ९७-९८ सालची गोष्ट असेल. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, बायको त्यावर पाणी आलं की त्या चौकोनात 'पा' लिहायची, सिलिंडर लावला की 'सि', दुधाचा खाडा झाला की फुली. सोलापुरात पाणी रोज येत नाही त्यामुळं त्या भिंतीकडं घरातला प्रत्येक माणूस दिवसातून चारदा बघतोच, आज येणार का उद्या. एक दिवस पुस्तक संपलं आणि हाताशी काही नव्हतं म्हणून मी त्या दिवसाच्या चौकोनात पुस्तकाचं नाव खरडलं. मग पुढच्याचं. वर्षाच्या शेवटी बायको ते फाडून रद्दीत टाकायला निघाली तेव्हा मी काढून घेतलं आणि बघत बसलो.

आणि तेव्हा जे झालं ते मला कुठल्या वहीत झालं नव्हतं. मे महिन्यातल्या एका चौकोनात 'पा', 'सि' आणि पुस्तकाचं नाव एकाखाली एक होतं, ते दिसल्याबरोबर सगळंच आठवलं, त्या दिवशी ४३ तापमान, लाईट गेलेली, पाणी भरून झाल्यावर मी गच्चीत गार केलेल्या फरशीवर बसून शेवटची चाळीस पानं संपवली होती, आणि त्या कादंबरीतली म्हातारी विहिरीच्या काठावर बसते तो प्रसंग. पुस्तक एकटं आठवत नाही हो, ते त्या दिवसाला धरून येतं. नुसती तारीख लिहून भागत नाही, त्या तारखेला घरात काय चाललं होतं ते एक शब्द तरी पाहिजे. यातून दोन गोष्टी धरल्या, एक ही, आणि दुसरी म्हणजे यादी अशा ठिकाणी पाहिजे जिथं आपण दुसऱ्या कामाला रोज जातोच. माझी शंभर पानी वही आता फ्रीजवर असते, पेन दोऱ्यानं बांधलेला, वाण्याच्या दुकानात असतो तसा. तुमची एक्सेल लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. तिथपर्यंत कोण जातंय?

आता नोंद कशी करतो ते एक अख्खी उतरवूनच दाखवतो. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला, त्यानंतर वाचनालयात नंबर लावून मे महिन्यात मिळालं तेव्हाची ही:

'रिंगाण, कृष्णात खोत. वाचनालयाची प्रत. ११ ते १९ मे, मधे तीन दिवस हात नाही लावला, मोठ्या बहिणीकडं लग्न. आठवतंय ते: धरणामुळं उठलेलं गाव, मागं राहून रानातली झालेली म्हैस, तिला आणायला गेलेला माणूस. माणूस म्हशीला शोधतोय का म्हैस माणसाला, असं एका टप्प्यावर वाटलं. सारखं उजनी डोळ्यापुढं. अडलं: भाषा कोल्हापूरकडची, सुरवातीची पानं कानात बसेनात, मोठ्यानं वाचल्यावर सुटली. कुणाला: करमाळ्याकडच्या काकांना.'

झालं, एवढीच. दहा मिनिटं लागतात. आता यातलं काय का आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या सोयीनं बदलता येईल.

ही नोंद मी पुस्तक संपल्या दिवशी करत नाही. दोन दिवस जाऊ देतो, तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटलेलं ठेवून लिहितो, उघडून बघायचं नाही. सुरवातीला जड जातं, नावं आठवत नाहीत, तिथं 'तो मास्तर', 'ती जाऊबाई' असंच लिहायचं. दोन दिवसांनी जे उरलंय ते आपलं, बाकीचं पुस्तकाचं. संपल्या संपल्या लिहिलं की गोष्टच उतरवली जाते, आणि गोष्ट काय मलपृष्ठावर छापलेली असतेच. कथासंग्रह असेल तर एकाच कथेवर लिहा. किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' नावावरून कादंबरी वाटते, आहे कथासंग्रह, तसल्या पुस्तकात सगळ्या कथांना न्याय द्यायला गेलात तर एकीलाही मिळत नाही.

'अडलं' ही ओळ मात्र सोडू नका. चार जणांत बोलताना सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. आवडलं ते सगळ्यांचं सारखंच असतं बघा, भाषा छान, पात्रं जिवंत. माणूस कुठं अडला ते ज्याचं त्याचं असतं. कुणी बोलीला अडतं, कुणी लांबण लावलेल्या वर्णनाला, कुणी एखाद्या पात्राच्या वागण्याला, की ही बाई असं कसं करेल. स्टारचं म्हणाल तर मी पण दहापैकी मार्क देऊन बघितलेत, सगळ्यांना सातच पडायला लागले. आणि २००३ साली ज्याला आठ दिले होते ते परत वाचल्यावर पाचाच्या वर जाईना, आता यात पुस्तक बदललं का मी, ते त्या आकड्यावरून कसं कळावं?

शेवटची ओळ, कुणाला द्यावं. ही माझ्या धंद्यातून आलेली. रंगनाथन म्हणून आपल्या ग्रंथालयशास्त्राचे मोठे गृहस्थ, त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेला पाठ केलं होतं तेव्हा नुसतं वाक्य होतं. काउंटरवर कळलं की पुस्तक चांगलं की वाईट या वादात काही हाताला लागत नाही, पण हे कुणाच्या हातात पडलं पाहिजे असं स्वतःला विचारलं की पुस्तक एकदम नीट दिसायला लागतं, कारण तो माणूस आपल्याला माहीत असतो.

'रिंगाण'चं तसंच झालं. ते काका म्हणजे आमचे जुने सभासद, त्यांचं मूळ गाव उजनीत गेलेलं. भीमेवरचं ते धरण १९८० ला पूर्ण झालं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते तुम्ही पुण्याला जाता-येता ऐकलं असेल, फोटो तर दरवर्षी पेपरात असतो. काका फारसं कादंबऱ्या वाचणारे नाहीत, चरित्रं वाचतात. पुस्तक तीन आठवडे ठेवलं. परत द्यायला आले तेव्हा चांगलं वाईट काही बोलले नाहीत, म्हणाले, 'आमची गाय दोनदा परत गेल्ती जुन्या गावाला. पाण्याच्या कडंला जाऊन उभी राहायची.' मी घरी येऊन ते वाक्य नोंदीखाली लिहिलं, वेगळ्या पेननं. आता मला 'रिंगाण' आठवलं की आधी ती गाय दिसते, जी पुस्तकात नाहीच. म्हणून म्हणतो, प्रत्येक नोंदीखाली चार ओळी कोऱ्या सोडा, पुस्तक दुसऱ्या माणसाकडून परत येतं तेव्हा रिकामं येत नाही.

अर्धवट सोडलेली पुस्तकं पण याच यादीत, लाजायचं नाही. फक्त कुठल्या पानावर सोडलं आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहायचं. माझ्या वहीत एका गाजलेल्या कादंबरीपुढं 'पान ६४, आई दवाखान्यात' एवढंच आहे. मी चार वर्षं लोकांना सांगत फिरत होतो की ते पुस्तक कंटाळवाणं आहे, काउंटरवरून दोन-तीन जणांना तर परत ठेवायला लावलं असेल. मग वहीत ती ओळ दिसली, परत आणलं, पाच दिवसांत संपवलं. त्या दोन-तीन जणांची मला अजून आठवण येते.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहा नाहीतर शोधताना वाट लागते. खानोलकरांच्या कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावावर आणि कविता आरती प्रभू या नावावर, माणूस एक आणि कपाटं दोन, तसंच शिरवाडकर आणि कुसुमाग्रज. कंप्युटरवर ऱ्हस्व-दीर्घ एकदा चुकलं की पुस्तक सापडतच नाही, आणि मराठी पुस्तकं रोमनमध्ये चढवलेली असली की एकाच नावाची चार स्पेलिंगं, अ‍ॅपमध्ये तुम्हाला हाच त्रास झाला असणार. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहाच. आपल्या गावात हे जास्त कळतं, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे एकाच रांगेत उभे असतात. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आपण बहुतेक उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचल्या, आणि माझ्या काउंटरवर त्याच कादंबऱ्या मूळ कन्नडमधून वाचलेला माणूस शेजारी उभा राहून 'हे असं नाहीये ओ त्यात' म्हणून भांडायचा. त्या भांडणात मी जितकं शिकलो तितकं परीक्षणं वाचून नाही शिकलो.

वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी, वहीच्या शेवटच्या पानावर, आणि पंधराच्या वर जाऊ द्यायची नाही. सोळावं आलं की एक खोडायचं. प्रत्येकापुढं कुणी सांगितलं ते लिहायचं आणि सांगणारा आठवत नसेल तर तेच पहिलं खोडायचं. दिवाळीत ही यादी सुजते, अंकात लेख वाचून वाटतं हे पण पाहिजे, ते पण पाहिजे, पाडव्यापर्यंत जे टिकतं ते खरं. गुढीपाडवा म्हणतोय मी, दिवाळीचा नव्हे.

आता ग्रुपचं. तुमच्या मैत्रिणी काय बोलतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज आहे. लोक पुस्तकाबद्दलच्या बातम्या बोलतात. नंदा खरेंच्या 'उद्या'चंच बघा. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला हे दहातल्या आठ जणांना माहीत, त्यावर अर्धा तास चर्चा होते, आणि आत काय आहे विचारलं तर दोघं बोलतात. तुम्ही त्या दोघांतल्या व्हा, आणि त्यासाठी फार काही लागत नाही. आपली नोंद घेऊन जा आणि उलटीकडून बोला, शेवटच्या ओळीपासून. 'हे मी आमच्या सासऱ्यांना देणार आहे, कारण ते पण असेच रिटायर झाल्यावर घड्याळ दुरुस्त करत बसतात', एवढं वाक्य टाकलं की समोरचा कान टवकारतो, मग आठवलेली एक गोष्ट, मग कुठं अडलात. तीन मिनिटं पुरे. गोष्ट सुरवातीपासून सांगायला घेऊ नका, अर्ध्यात आपणच गोंधळतो आणि ज्यांना वाचायचंय त्यांची मजा जाते. एक उतारा आधीच चिठ्ठी घालून ठेवा आणि मोठ्यानं वाचा, दहा-बारा ओळी, बोलीतली असतील तर आणखी बरं, निम्मं काम ते करतात.

नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा. पण पान सांगा. 'रटाळ आहे' म्हटलं की वाद, 'शंभराव्या पानापासून माझं लक्ष लागेना कारण एकाच भांडणाची तिसरी आवृत्ती चालली होती' म्हटलं की बोलणं सुरू होतं. ओळखीच्या, गावातल्या लेखकाच्या पुस्तकाला हे अवघड जातं, मला पण गेलंय. एका कवितासंग्रहाच्या प्रकाशनाला मला बोलायला बोलावलं होतं, मी गडबडीत नुसती प्रस्तावना वाचून गेलो आणि 'यातली प्रत्येक कविता' वगैरे ठोकून दिलं, टाळ्या पण पडल्या. खाली उतरल्यावर कवीनं साधेपणानं विचारलं, 'सर, तुम्हाला कुठली आवडली?' मी एक ओळ म्हणून दाखवली. ती प्रस्तावनेत उदाहरणासाठी घेतलेली दुसऱ्याच कवीची ओळ होती. ते बिचारे काही बोलले नाहीत, चहा घ्या म्हणाले. तेव्हापासून न वाचलेल्या पुस्तकावर मी तोंड उघडत नाही, आणि वाचलेलं असेल तर एकाच कवितेवर बोलतो.

म्हणजे तुमच्या कॉलमच्या प्रश्नाचं उत्तर असं झालं, नाव-लेखक-अनुवादक, कुठून आलं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं, दोन दिवसांनी मिटल्या पुस्तकावर काय उरलं, कुठं अडलं, कुणाला देणार, आणि खाली चार ओळी कोऱ्या. एक्सेलमध्ये करायचं तर करा, माझी काही हरकत नाही, फक्त फोनवर पहिल्या स्क्रीनवर ठेवा. मला विचाराल तर वही, कारण एक्सेलचा चौकोन बारीक असतो आणि माणूस चौकोनाएवढंच लिहितो. स्टारचा कॉलम काढून टाका.

राहता राहिली ती ९ पुस्तकं. परत वाचायला बसू नका. एखाद्या शनिवारी, बँकेला सुट्टी असेल तो दुसरा-चौथा बघून, वाचनालयात जा, नऊच्या नऊ कपाटातून काढून टेबलावर मांडा आणि प्रत्येक मधेच उघडून उभ्याउभ्या दोन पानं वाचा. माझ्या अंदाजानं चार-पाचांचं काहीतरी परत येईल, कुठं बसून वाचलं होतं ते तरी. ते तिथंच लिहा. ज्याचं काहीच येणार नाही त्याच्यापुढं 'वाचलं होतं, आठवत नाही' असं लिहून तारीख टाका, ती पण नोंदच आहे. आणि ते एक, जे वाचलंय यावर तुमचा विश्वास नाही, त्याचं ५१ पान उघडून बघा, गंमत म्हणून. सोलापुरातलं जुनं वाचनालय असेल आणि प्रत जुनी असेल तर रेघ नसली तरी कुणाची ना कुणाची खूण सापडेल.